पाण्यात डोकं घालणारे तोक

खरं लिहून तुम्ही कधी कुणाचं गाव मोडलं आहे का?

खोटं लिहून मोडणारे पुष्कळ असतात, त्यांना मी विचारत नाही. ज्यांच्या लिखाणातली एकही ओळ कुणाला खोडता आली नाही, त्यांना विचारतो आहे. मी मोडलं आहे, आणि ते गाव मी पाहिलेलंसुद्धा नाही. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यापासून होडीने तासाभरावर एक लहान बेट आहे. शंभराच्या आतली घरं, एक मशीद, एक लाकडी धक्का आणि वीसेक होड्या. हे सगळं मला ज्यांनी सांगितलं, त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे.

आम्ही त्यांना तोक म्हणत असू. त्यांच्या भाषेत तोक म्हणजे आजोबा, आणि गावच्या इमामालाही लोक तीच हाक मारतात. दोह्यात बंदराची कामं करणाऱ्या एका कंपनीच्या यार्डात ते दोरखंड जोडायचे, जाळी विणायचे, तराफ्यांना टायर बांधायचे. मी त्याच यार्डात डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे ड्रॉइंगवर शिक्के मारून ती फायलीत लावणारा. तोक साठी ओलांडलेले, बुटके, उन्हाने रापलेले. डोक्यावर कायम पांढरी टोपी आणि तिच्यावर कंपनीचं हेल्मेट, त्यामुळे हेल्मेट दोन बोटं वर तरंगायचं. सेफ्टी ऑफिसरने टोपी काढा म्हटलं की ते हेल्मेट काढून हातात घ्यायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. तो निघून गेला की पुन्हा घालायचे.

रोज सकाळी, कामाचा भोंगा व्हायच्या आधी, ते धक्क्याच्या लोखंडी शिडीवरून पाण्यापर्यंत उतरायचे. टोपी आणि चष्मा वरच्या पायरीवर ठेवायचे, एका हाताने शिडी धरायचे आणि अख्खं डोकं समुद्रात बुडवायचे. आम्ही वर उभे राहून आकडे मोजायचो. साठ, सत्तर, कधी नव्वद. डोकं वर आलं की कान झटकत सांगायचे, "दोन हमूर मासे आहेत. एक म्हातारा आहे."

"आजारी तर नाही ना?" ते वर येऊन चष्मा घालून उभे राहिले की कुणीतरी विचारायचं.

"म्हातारा आहे म्हणालो. आजारी तू दिसतोस."

त्यांच्या किनाऱ्यावर ही जुनी विद्या आहे. जाणता माणूस होडीची कड धरून पाण्यात डोकं घालतो आणि माशांचा आवाज ऐकतो. आपल्याकडचा ढोमा मासा पाण्यात कुरकुरतो हे माझ्या आजोळच्या माणसांनाही ठाऊक आहे, पण ते जाळ्यात आल्यावर ऐकायचे. तोकच्या बेटावर त्याच जातीच्या माशाला आधी ऐकायचं आणि मग जाळं टाकायचं. आणि बेटावर ऐकणारा माणूस आणि नमाज पढवणारा माणूस एकच. दोन माणसं का नाहीत, असं मी विचारलं होतं. "दोन्ही कामांत गप्प राहता यावं लागतं," ते म्हणाले. "आमच्याकडे असा माणूस एका पिढीत एकच निघतो."

समुद्रावर असताना वाघ, हत्ती, म्हैस असल्या जनावरांची नावं घ्यायची नाहीत, हाही त्यांचा नियम. आमचा पठाण फोरमन कुणी काम चांगलं केलं की पाठीवर थाप मारून "शाबास मेरे शेर" म्हणायचा. वर्कबोटीवर तोकने त्याला तीनदा थांबवलं. फोरमन वैतागला. "तो क्या बोलूँ, तोक? बकरी बोलूँ?" तोकने बराच विचार केला आणि मांजर चालेल असं सांगितलं. तेव्हापासून आमच्या बोटीवर सहा फुटी वेल्डर "शाबास मेरी बिल्ली" ऐकून मान खाली घालून हसायचे. किनाऱ्याला पाय लागला की ते पुन्हा शेर व्हायचे.

मला हे सगळं बघून हसू यायचं, आणि रागही यायचा. राग का यायचा हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे बाबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात शिंपी. कपडे शिवून उरलेल्या वेळात ते पत्रकं लिहायचे. ताईत बांधून ताप उतरत नाही. मुलीला दहावीच्या पुढे शिकवा. मौलवीला प्रश्न विचारणं गुन्हा नाही. पिवळ्या कागदावर छापलेली ती पत्रकं मी आणि माझी बहीण एसटी स्टँडवर वाटायचो. लोक त्यांत भजी बांधून न्यायचे, तरी आम्ही वाटायचो. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर. दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात मी माझ्या खालूंच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या फ्लॅटमध्ये राहतो. पंचवीस वर्षं इथं आहेत ते. माझ्या तोंडून असलं काही निघालं की ते मावशीला हाक मारून सांगतात, "तुज्या भावजीनं या पोराला दुधाच्या जागी पत्रकां पाजलान."

तोकशी मी कुठल्या भाषेत बोलायचो, हाही खालूंचा प्रश्न. यार्डातली हिंदी, फॉर्मवरची इंग्रजी आणि आम्हा दोघांना लहानपणापासून पाठ असलेली थोडी अरबी. इथं मी ते मराठीत लिहितो आहे. ते समोरासमोर फार छान बोलायचे. पाठीमागून हाक मारली तर मात्र वळायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, मान आहे त्यांना, इमाम माणूस.

पोर्टाकेबिनमधल्या नमाजच्या खोलीत कामगारांनी त्यांनाच पुढे उभं केलं होतं. ते कुराणातले लहान सूरे, म्हणजे छोटे अध्याय निवडायचे. "तुमचे पाय दुखतात, हे अल्लाला ठाऊक आहे," म्हणायचे. त्यांचा आवाज मात्र खोलीला मोठा पडायचा. एकदा एका आयतीत ते चुकले. अशा वेळी मागच्या रांगेतल्या जाणकाराने बरोबर शब्द मोठ्याने सांगायचा असतो आणि इमामाने तो घ्यायचा असतो. आमच्या मिस्री, म्हणजे इजिप्तच्या सर्व्हेअरने दोनदा सांगितला. तोकने घेतला नाही, पुढेच गेले. बाहेर आल्यावर मिस्री धुसफुसत होता, की अहंकारी माणसाच्या मागे नमाज होते का.

एकदा आम्ही दोह्यातल्या पर्ल या बेटाच्या मरीनात तरंगत्या धक्क्याचे दोर बदलायला गेलो होतो. तोक पहिल्यांदाच आले होते. माणसाने भर घालून केलेलं बेट आहे हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी जमिनीवर टाच आपटून बघितली. मग इमारती, नावा, दुकानं बघत गेले आणि एका जागी थांबून मला विचारलं, "कबरस्तान कुठं आहे?"

"इथं नाही, तोक. शहराबाहेर आहे."

"मग बेट कसलं?" ते म्हणाले. "राहायला आलेत सगळे. गावात मरायला पण जागा लागते."

त्यांना स्वतःला मरायची जागा ठाऊक होती. मशिदीच्या मागे, बायकोच्या शेजारी. बारा वर्षांपूर्वी बायको गेल्यावर मुलीच्या शिक्षणासाठी ते आखातात आले. रोजची नमाज पुतण्याकडे सोपवली. पण दर वर्षी एक काम त्यांच्याशिवाय व्हायचं नाही. आपला पावसाळा संपला की त्यांचा सुरू होतो. तीन महिने होड्या वर ओढलेल्या असतात. समुद्र निवला की मोसम उघडायचा, आणि तो तोक उघडायचे. त्यासाठी ते त्याच दिवसांत सुट्टी घ्यायचे. बेटाच्या सगळ्या होड्या किनाऱ्यावरच्या धक्क्यापर्यंत त्यांना न्यायला यायच्या. पुढचे चार दिवस ते प्रत्येक जागी पाण्यात डोकं घालायचे, ऐकायचे आणि बोट दाखवायचे, की हे पाणी या होडीचं, ते त्या होडीचं. मोसमभर तीच वाटणी. कुणी बदलायची नाही, कारण मासे बोलले.

आता तो दिवस. यार्डात फोर्कलिफ्ट मागे येत होती. मागे येताना ती टीं टीं वाजते, कान किटतात. तोक तिच्याकडे पाठ करून दोर गुंडाळत उभे होते. चालकाला ते दिसत नव्हते. मी ओरडलो, तोक हलले नाहीत. धावत जाऊन मी त्यांना खांद्याला धरून ओढलं, आम्ही दोघं दोराच्या ढिगावर पडलो आणि फोर्कलिफ्टचं चाक त्यांच्या हेल्मेटवरून गेलं. ते उठले, चपटं झालेलं हेल्मेट बघितलं, टोपी झटकली.

चहाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर बसलो. "तोक, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. सगळे बहिरे बघतात तसंच ते गेली दोन वर्षं माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मला वाटत होतं की ते माझं बोलणं मन लावून ऐकतात.

"किती वर्षं?"

"तुझं वय काय?"

"सत्तावीस."

"तेवढीच." लहानपणापासून खोल बुड्या मारून कानांचे पडदे गेले होते. आधी डावा, मग उजवा.

"मग मासे?"

त्यांनी हसून चहाचा कप खाली ठेवला. "पाण्यात डोकं घालतो. आत काही नसतं. वर येतो. बोट दाखवतो."

"आणि गाव?"

"गाव ऐकतं."

एवढंच बोलणं झालं. त्यांच्यापाशी अजून काही होतं, हे मला आता आठवतं. कप खाली ठेवून ते थांबले होते. पण माझ्या डोक्यात पहिली ओळ तयार झाली होती, आणि ओळ तयार झाली की मला पुढचं नको असतं. भोंगा व्हायला सात मिनिटं होती. मी उठलो.

कंपनीत मी कुणाला काही सांगितलं नाही. बहिरा माणूस बोटीवर चालत नाही, त्यांना त्याच महिन्यात घरी पाठवलं असतं. मिस्री सर्व्हेअरसमोरही मी गप्प राहिलो. आपण किती समजूतदार आहोत असं मला वाटलं. गरिबाची नोकरी घालवायची नाही, पण ढोंगाला सोडायचं नाही. हा फरक मी खालूंना समजावून सांगितला तेव्हा ते मासे साफ करत होते. "ढोंग कुनाचा?" ते म्हणाले. "त्याचा का तुजा, ता बग आदी." मला ते उत्तर देण्याच्या लायकीचं वाटलं नाही.

पत्रकाचं नाव होतं 'बहिरा इमाम आणि आज्ञाधारक गाव'. तोकचं किंवा बेटाचं नाव लिहिलं नव्हतं, खाली माझं मात्र होतं. पण किनारा लिहिला होता, ढोमा लिहिला होता, पाण्यात डोकं घालणं लिहिलं होतं. सत्तावीस वर्षं एक माणूस देवाचं आणि माशांचं नाव घेऊन गावाचा समुद्र आपल्या बोटाने वाटतो, आणि कुणी विचारत नाही. जिथं प्रश्न मरतो तिथं पोट मारलं जातं. असं मी लिहिलं होतं. आता वाचलं तरी वाक्यं चांगली आहेत, हेच वाईट आहे. आमच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलं, लोकांनी टाळ्या पाठवल्या. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मी त्याचं इंग्रजी केलं आणि आमच्या प्लॅनिंग खात्यातल्या मलेशियन इंजिनियर बाईंना दिलं, हा माणूस कोण ते न सांगता. त्या बेटासमोरच्याच किनाऱ्यावरच्या. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे हे कुणीतरी लिहायला हवं होतं." त्यांनी ते मलयमध्ये केलं आणि आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर पाठवलं. आठवड्याच्या आत ते बेटावर होतं.

तोक दुपारी माझ्या केबिनमध्ये आले. कधी येत नसत. हातात फोन होता. त्यावर मलय मजकूर होता आणि वर पुतण्याचा निरोप. त्यांनी दार लावलं, माझ्यासमोरची खुर्ची ओढली, चष्मा घातला.

"वाच," म्हणाले.

"तोक, तुम्ही वाचलंय."

"ते तिचं आहे, आमच्या मुलखातल्या बाईचं. तुझं वाच. मला तुझ्या तोंडून बघायचंय."

मी वाचलं. इंग्रजीत, सावकाश, प्रत्येक शब्दाला ओठ नीट हलवत, कारण नाहीतर त्यांना कळलं नसतं. पत्रकं मोठ्याने वाचायला मी लहानपणी शिकलो होतो. बाबा आम्हाला स्टुलावर उभं करून वाचायला लावायचे. त्या दिवशी तीन पानांना किती वेळ लागला कोण जाणे. 'ढोंग'साठी वापरलेल्या इंग्रजी शब्दाशी मी पुटपुटलो. त्यांनी हात वर केला. "परत. दिसलं नाही." मी परत म्हटलं.

संपल्यावर ते म्हणाले, "खोटं काही नाही यात."

मी पानं उलटी करून टेबलावर ठेवली.

"बोट दाखवतो, हे लिहिलंस. कुणाला कुठलं पाणी दाखवतो, ते लिहिलं नाहीस."

"ते मला माहीत नव्हतं."

"विचारलं नाहीस."

मग त्यांनी माझ्या टेबलावरच्या एका ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला बेट काढलं. भोवती सात जागा. ही खडकाळ, इथं मासा भरपूर. ही प्रवाहाची, इथं मजबूत इंजिन लागतं. ही जवळची, म्हाताऱ्या माणसालाही जमते. ही गाळाची, इथं जाळ्यात फारसं येत नाही. बेटावर दोन मोठी घराणी, त्यांच्या मोठ्या होड्या. आजच्या तोकच्या आधीचे जे तोक होते, त्यांच्या अगोदर ही घराणी पाण्यावरून एकमेकांची जाळी कापायची. मग ठरलं, की वाटणी मासे करतील. माशांशी कोण भांडणार? तेव्हापासून तोक डोकं घालतात. ज्या घरात कर्ता माणूस नाही, पोरगी नाहीतर भाचा होडी नेतो, त्यांना जवळचं चांगलं पाणी. एका वर्षी ज्याला भरपूर मिळालं, त्याला पुढच्या वर्षी पातळ. वर्षभर ते दोह्यात बसून पुतण्याकडून ऐकायचे. म्हणजे मेसेज वाचायचे. कुणाच्या घरी आजार आहे, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचं इंजिन जुनं झालं आहे. आणि मार्चमध्ये पाण्यात डोकं घालून वर यायचे.

"तुमच्या आधीच्या तोकना तरी ऐकू यायचं का?" मी विचारलं.

"मला काय माहीत," ते म्हणाले. "त्यांनी मला विचारलं नव्हतं, मी त्यांना विचारलं नाही." आणि हसले. मला त्या क्षणी त्यांचं हसणं सोसलं नाही.

मी म्हणालो, की हे सगळं उघडपणे करता आलं असतं. बैठक घ्यायची, सगळ्यांना बोलू द्यायचं, चिठ्ठ्या टाकायच्या. माझं आजही तेच मत आहे. मी बाबांचा मुलगा आहे. तोकनी ते बारकाईने बघितलं, म्हणजे माझे ओठ बघितले. "हो," ते म्हणाले. "ते तुला जमलं असतं. तू यायचं होतंस आधी."

ठरल्या तारखेला ते सुट्टीवर गेले. जाताना सगळ्यांशी हात मिळवून तो छातीला लावला, माझ्याशीही. नेहमी ते तिथं अडीच महिने राहायचे. त्या वर्षी एकोणिसाव्या दिवशी परत यार्डात दिसले. मी काही विचारलं नाही. आता विचारायला तोंड नव्हतं. मलेशियन बाईंनी सांगितलं. किनाऱ्यावरच्या धक्क्यावर या वेळी एकही होडी आली नव्हती. तोक दुपारपर्यंत पेटीवर बसून राहिले आणि मग पर्यटकांच्या फेरीने बेटावर गेले. तिकीट काढून. बेटावर कुणी अपमान केला नाही. जेवायला बोलावलं, चहा दिला. मोसम त्यांच्या येण्याआधीच उघडलेला होता. ज्याला जिथं हवं तिथं तो गेला. खडकाळ पाण्यावर दोन्ही घराण्यांच्या होड्या एकाच पहाटे पोचल्या, जाळी कापली गेली, एका माणसाची दोन बोटं इंजिनात गेली. ज्या घरांना जवळचं पाणी असायचं, त्यांच्यातल्या तीन होड्या विकायला काढल्या होत्या.

"आणि वाटणी मोडून पहिला कोण गेला माहीत आहे?" बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या मावशीने सांगितलं, तिचं सासर त्याच बेटावर आहे. पत्रक आलं त्या रात्री तो मशिदीत उभा राहिला आणि म्हणाला, वीस वर्षं मला गाळाचं पाणी मिळालं. मी समजत होतो मासे म्हणतायत. माझा भाऊ म्हणत होता."

मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पत्रक वाटताना मी नेहमी खाली माझं नाव आणि घराचा पत्ता छापायचो. कारण लोक भांडायला यावेत. तुझ्याकडे भांडायला कुणी येऊ शकत होतं का?"

शिडीवरचा सकाळचा कार्यक्रम बंद झाला. भोंगा व्हायच्या आधी तोक केबिनच्या सावलीत बसू लागले. फोरमनने एकदा मुद्दाम बोटीवर, सगळ्यांसमोर, मोठ्याने "शाबास मेरे शेर" म्हटलं, की तोक रागावतील, काहीतरी बोलतील. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्यांना ते दिसलंच नाही. फोरमन ओशाळा होऊन बाजूला झाला.

करार संपायला महिना राहिला तेव्हा एकदा मी त्यांना खालूंच्या घरी जेवायला नेलं. मावशीने साफी माशाचं कालवण केलं होतं. खालू आणि तोक जेवणभर माशांबद्दल बोलत राहिले, एक कोकणीत आणि एक मलयमध्ये, मध्ये हातांनी लांबी दाखवत. जेवण झाल्यावर मी विचारलं. या वेळी विचारलं. "भावाला वीस वर्षं गाळाचं पाणी का दिलंत?"

त्यांनी हात पुसले. "कारण तो माझ्यापेक्षा दर्या जास्त ओळखतो. बेटावरच्या सगळ्यांपेक्षा जास्त. ते पाणी दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्याची चूल पेटली नसती. माझ्या भावाने त्या गाळातून चार मुलं वाढवली. तिथं तोच जगू शकत होता."

"हे त्याला कधी सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? सांगितलं असतं तर मासे बोलत नाहीत हे कळलं असतं."

"आता तर कळलंय. आता सांगा."

"सांगितलं," तोक म्हणाले. "आत्ता गेलो तेव्हा. त्याने विचारलं, हे पण माशांनीच सांगितलं का?"

खालू उठून आत गेले. मी म्हणालो, मी लिहितो त्याला. तोकनी मान हलवली. "तुझं नाव बघितलं की तो पुढं वाचणार नाही. मी बोललो तर ऐकणार नाही."

"आणि दुसऱ्या कुणाकडून गेलं तर?"

ते माझ्या ओठांकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, प्रश्न दिसला नसेल, म्हणून मी परत विचारला. "दिसलं," ते म्हणाले. "इन्शाल्ला म्हण."

करार वाढवून मिळाला नाही. तोक आता मुलीकडे राहतात, मलेशियातच, पण समुद्रापासून बस बदलत जायच्या एका शहरात. मुलगी नोकरीला जाते, ते घरी असतात. मशिदीमागची ती जागा अजून रिकामी आहे, असं बाई म्हणतात. भाऊ बोलत नाही तोवर ते बेटावर जाणार नाहीत, आणि दोघांचीही वयं थांबणारी नाहीत.

मलेशियन बाईंनी पत्रक आपल्या ग्रुपवरून काढलं. त्यांनी दुसरं काही लिहून पाठवलं, तर तिथले लोक म्हणाले, आधी एक सांगितलंस, आता दुसरं सांगतेस. माझं आणि त्यांचं, दोघांचंही तोंड त्या किनाऱ्यावर बंद आहे.

म्हणून तुमच्याकडे आलो आहे. तुम्ही दोह्यात असा, दुबईत असा, पुण्यातल्या कंपनीत असा, तुमच्या शेजारच्या टेबलावर कुणी मलेशियन असेल तर त्याच्याबरोबर एक तास बसा आणि हे त्याच्या भाषेत करून घ्या. सगळं झालं नाही तरी चालेल. पर्ल सोडा, मांजर सोडा, माझा पश्चात्ताप तर आधी सोडा. जेवण झाल्यावर तोक भावाबद्दल जे बोलले, तेवढं करा. त्यांचे शब्द बदलू नका, चांगले करू नका. त्याला विचारा, पूर्व किनाऱ्यावर तुझं कोण आहे, आणि त्यांना पाठवायला सांगा. खाली माझं नाव घालू नका. तुमचं घाला, आणि पत्ताही घाला, म्हणजे त्या भावाला कुणाला तरी विचारता येईल, की हे खरं आहे का. त्याने विचारलं, तर हो म्हणा.